लहान मुलांचे सतत फोटो काढल्याने त्यांच्या मनावर परिणाम होतो का?

चिऊचीआई

नमस्कार मंडळी. एरवी मी रोमातच (नुसती वाचत) असते, पण हा विषय आमच्या घरात हल्ली रोज भांडणापर्यंत जातोय म्हणून धागा काढते.

लेक साडेतीन वर्षांची आहे. नवऱ्याला फोटोंचा भारी नाद. सासूसासरे सांगलीला, दीर-जाऊ न्यू जर्सीला, त्यामुळे घरच्या ग्रुपवर रोज चिऊचा फोटो पडलाच पाहिजे. नाही पडला तर दुपारी सासूबाईंचा फोन, "बरी आहे ना गं ती?" इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

पण गेल्या काही महिन्यांत तिचं वागणं बदललंय. मातीत खेळत असते, छान तंद्री लागलेली असते, आणि बाबाचा फोन वर झालेला दिसला की हातातलं टाकून ताठ उभी राहते. मान तिरकी, दोन बोटं गालाशी. क्लिक झालं की धावत येऊन "दाखव, दाखव". बघून झालं की परत खेळायला जायचं नावच नाही, दुसरा फोटो काढ म्हणून मागे लागते.

बोरन्हाणाला तर कहर झाला. डोक्यावरून बोरं-चुरमुरे पडले की पोरं वाकून वेचतात, तीच गंमत असते. बाकीची पोरं झोंबत होती आणि ही समोर बघत पुतळ्यासारखी बसलेली, कारण आत्याने सांगितलं होतं "हलू नकोस हं, इकडे बघ". व्हिडिओ नीट आला नाही म्हणून सांडलेलं सगळं गोळा करून पुन्हा ओतलं. दुसऱ्या खेपेला ती रडली. ते रडणंही रेकॉर्ड झालं आणि ग्रुपवर "सो क्यूट" म्हणून फिरलं.

नवऱ्याचं म्हणणं, "तुझे-माझे लहानपणीचे फोटो मिळून एक पाकीटही भरत नाही, तिला तरी असू देत." मला कळत नाहीये की मी उगाच बाऊ करतेय की यात खरंच काही आहे. जाणकारांनी लिहा. अनुभव असेल तर तोही.

खवचट_काका

आमच्या वडिलांकडे आगफा क्लिक थ्री होता. बारा फोटोंचा रोल, तो वर्षभर पुरवायचा. गणपतीत दोन, कोणाची मुंज असेल तर चार, उरलेले सहलीला. रोल संपल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही, त्यामुळे मुंजीतलं माझं तुळतुळीत डोकं दिवाळीत बघायला मिळालं. तोवर केस आले होते.

आमची आजी फोटो काढला की आयुष्य कमी होतं म्हणायची. तिने जन्मभरात एकच काढू दिला आणि ब्याण्णव वर्षं जगली. निष्कर्ष ज्याचा त्याने काढावा. (कृपया हलके घ्या.)

शंकासुर

मला हा सगळा शहरी चोचलेपणा वाटतो. मुलं फार चिवट असतात. पूर्वी मार खाऊन वाढली तरी टिकली, आता फोटोने मोडणार? साडेतीन वर्षांची मुलगी पोझ देते, तर देऊ दे की. आमच्या वेळी पाहुणे आले की "म्हण रे ते गाणं" म्हणून उभं करायचे. ते काय कमी होतं?

गोदाकाठ

शंकासुर, "म्हण रे ते गाणं"चा धसका मला अजून आहे. चाळिशी उलटली तरी चार माणसांत तोंड उघडताना घाम फुटतो. त्यामुळे तो दाखला देऊ नका.

धागा वाचतेय. वाचनखूण साठवली.

अवनी_स

मुलांसोबत समुपदेशनाचं काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी वयाचं बघू. आरशात दिसतंय ते आपणच, हे मुलांना साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान उमगतं. बाळाच्या नाकाला नकळत रंग लावायचा आणि आरशासमोर बसवायचं. लहान बाळ आरशाला हात लावतं, जरा मोठं झालेलं मूल स्वतःच्या नाकाला. ब्यूला अ‍ॅम्स्टरडॅम यांनी १९७२ मध्ये हे प्रसिद्ध केलं. लाजणं, मिरवणं, कोणीतरी आपल्याला बघतंय म्हणून वेगळं वागणं हे सगळं या टप्प्यानंतरचं. म्हणजे उष्टावणाच्या फोटोंनी बाळाच्या 'मी'ला काही होत नाही, तो 'मी' अजून तयारच व्हायचा असतो.

त्या वयात प्रश्न वेगळा असतो, समोरच्या चेहऱ्याचा. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाचा १९७० च्या दशकातला प्रयोग प्रसिद्ध आहे. आई बाळाशी खेळता खेळता अचानक चेहरा निर्विकार करते. बाळ हसून बघतं, हात करतं, ओरडतं, शेवटी तोंड फिरवतं किंवा रडतं. आई पुन्हा बोलायला लागली की बहुतेक बाळं सावरतात. त्यामुळे एका क्लिकने आभाळ कोसळत नाही. मात्र बाळ हसलं की दर वेळी चेहऱ्याऐवजी फोनची पाठ समोर येत असेल, तर त्याच्या हसण्याला उत्तर मिळत नाही. फोटो मिळतो, पण तो बाळासाठी काही नसतो.

आता चिऊ. साडेतीनला पोझ देणं हे काही लक्षण वगैरे नाही, लक्ष वेधून घेणं या वयाचं कामच आहे. मला तुमच्या लिहिण्यात खटकलं ते पुढचं वाक्य, की ती परत खेळायला जात नाही.

१९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक प्रयोग केला. मुलं तीन ते पाच वर्षांची, आपणहून स्केचपेनांनी रंगवायला आवडणारी. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं. काहींना दिलंच नाही. पुढच्या एकदोन आठवड्यांत वर्गात पेनं नुसती ठेवून दिली. ज्यांना आधी कबूल केलं होतं त्यांनी बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ रंगवलं. रंगवणं आता त्यांचं स्वतःचं राहिलं नव्हतं.

शंकासुर

अवनी, प्रमाणपत्राचा आणि मोबाइलचा काय संबंध? फोटो म्हणजे बक्षीस हे कोणी ठरवलं? आणि हा प्रयोग फोटोंवर नव्हताच. उगाच ओढून ताणून जोडताय.

अवनी_स

फोटोंवर नव्हता हे बरोबर. मी जोडतेय, आणि का जोडतेय तेही सांगते. फोटो बक्षीस आहे हे चिऊने ठरवलंय. "दाखव, दाखव" मध्ये तिला स्वतःचं रूप मिळतं, बाबाचं कौतुक मिळतं, वर "आजीला पाठवूया" मिळतं. आता त्या प्रयोगातली दुसरी बाजू बघा. ज्यांना न सांगता प्रमाणपत्र मिळालं, त्यांचं रंगवणं अजिबात कमी झालं नव्हतं. म्हणून मी पालकांना फोटो बंद करा असं कधी सांगत नाही. खेळता खेळता लांबून, तिला न थांबवता काढलेला फोटो वेगळा. "थांब, इकडे बघ, पुन्हा कर" हा वेगळा. बोरन्हाणाचा दुसरा चुरमुरा तिच्यासाठी नव्हताच, हे तिला बरोबर कळलं होतं.

लेन्सवाला

फोटोग्राफर इकडे. नाशिकला नवजात बाळांचे शूट करतो. आमच्या धंद्यावर सगळे घसरायच्या आत चार गोष्टी सांगतो.

चांगला माणूस असेल तर नवजात बाळाला पोझ द्यायला लावत नाही. बाळ पहिल्या दोनेक आठवड्यांचं असतं, पोट भरलेलं, खोली गरम ठेवलेली, गाढ झोपलेलं. जागं झालं तर आम्ही थांबतो. अर्ध्याहून जास्त वेळ थांबण्यातच जातो. ते हनुवटीखाली दोन्ही हात घेऊन बसलेलं बाळ तुम्ही सगळीकडे बघता ना, ते दोन फोटो जोडून केलेलं असतं. एकात सहायकाने डोकं धरलेलं असतं, दुसऱ्यात मनगटं. मग संगणकावर सहायकाचे हात पुसतो. कृपा करून घरी कोणी करून बघू नका. मला दर महिन्याला आईबाबा रील दाखवून विचारतात, "आमच्या बाळाला का बसवत नाही असं?"

त्रास खरा होतो तो एक ते चार वर्षांत. केक तुडवायचा शूट असतो, पहिल्या वाढदिवसाचा. निम्मी बाळं क्रीमला हात लावायलाच तयार नसतात, चिकट लागतं त्यांना. मग मामा हात धरून केकमध्ये घालतो. मी कॅमेरा खाली ठेवतो तेव्हा लोक माझ्याकडेच रागाने बघतात, पैसे दिलेत म्हणून.

अवांतर : फ्लॅशने बाळाचे डोळे बिघडतात का, हे मला हमखास विचारलं जातं. फोनच्या फ्लॅशने बिघडत नाहीत. उलट एक उपयोग आहे. फ्लॅशच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल आणि दुसऱ्याची पांढरी चमकताना पुन्हा पुन्हा दिसली, तर नेत्रतज्ज्ञाला लगेच दाखवा. बऱ्याचदा नुसता कोनाचा दोष निघतो, पण मोतीबिंदू किंवा डोळ्यातल्या पडद्याची गाठही असू शकते, आणि ती लहान वयातच होते. अनेक पालकांना ते पहिल्यांदा घरच्या फोटोतच दिसलेलं आहे.

बालवाडीताई

लेन्सवाला, मामाचा हात डोळ्यांसमोर आला.

आमच्या बालवाडीचं सांगते. गाव सांगत नाही, पालक इथे असतील. करोनानंतर पालकांचा ग्रुप सुरू झाला आणि दुपारी मुलं सुटायच्या आत फोटो पाठवायचे असा दंडक पडला. वर्गात एक ताई आणि एक मावशी. मावशी कोणाला शूला नेतेय, ताईच्या हातात फोन. म्हणजे मुलांकडे कोण? आम्ही मुलं काय करतात ते बघायचं सोडून ती करताना दिसतील कशी ते बघायला लागलो.

हळूहळू मुलांना कळलं. मातीकामाच्या तासाला एक मुलगा साप करायचा, लांबच लांब, टेबलाच्या कडेवरून खाली सोडलेला, मग त्याचे तुकडे करून त्याच्या चकल्या करायचा, मग सगळं थापून भाकरी. हात थांबायचा नाही त्याचा. तोच मुलगा साप झाला की तळहातावर धरून उभा राहायला लागला, "ताई, काढा ना." काढल्यावर साप मोडायचा नाही, कारण तो आता 'झाला' होता. चकल्या गेल्या, भाकरी गेली. बाकीचा तास तो साप सांभाळत बसायचा.

दुसरा एक, कॅमेरा दिसला की हाताने तोंड झाकणारा. त्याला नको म्हणायचं होतं आणि तो म्हणत होता. त्याचे फोटो ग्रुपवर जायचे नाहीत, तर त्याच्या आईची तक्रार आली, "तुम्ही माझ्या मुलाकडे लक्षच देत नाही, आठवडाभर एका फोटोत नाही तो." मग काय, मावशीने त्याचे हात खाली धरले आणि फोटो निघाला. तो फोटो माझ्याकडे अजून आहे, बैठकीत दाखवायला ठेवलाय.

आषाढीच्या दिंडीचं तर विचारूच नका. विठ्ठल झालेल्या पोराला कमरेवर हात ठेवून भिंतीशी उभं करतात आणि प्रत्येक आईवडील आपापल्या वारकऱ्याला त्याच्या बाजूला उभं करून काढतात. विठ्ठलाला शू लागते. विठ्ठल सांगत नाही, कारण त्याला सांगितलंय देव बोलत नसतो.

आता आम्ही फोन वर्गाबाहेरच्या कपाटात ठेवतो. आठवड्यातून एकदा मुलांच्या कामाचे फोटो जातात, मुलांचे नाही. पहिले काही आठवडे ग्रुपवर नुसता कल्लोळ होता. दोघा पालकांनी नाव काढून दुसरीकडे घातलं. ते दुसरं ठिकाण दिवसातून तीनदा फोटो पाठवतं म्हणे.

चिऊचीआई

बालवाडीताई, तो साप वाचून मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला "ही पोस्ट तूच लिहिलीस."

आरोपी_क्र_१

मी तो नवरा. खास यासाठी आयडी घेतला. मॉडरेटरसाहेब, डुआयडी (एकाच माणसाचा दुसरा आयडी) नाही, वेगळा माणूस आहे.

माझी बाजू कोणीच विचारली नाही म्हणून लिहितो. माझी दुसरी पाळी असते. मी घरी येतो तेव्हा चिऊ झोपलेली असते, सकाळी मला तिच्यासोबत मिळतो एखादा तास. परतीच्या बसमध्ये मी त्या दिवशीचे फोटो बघतो. दात घासताना, बूट उलटे घातलेली, पोहे सांडून ठेवलेली. ते मला कुठे टाकायचे नसतात, कोणाला दाखवायचे नसतात. "ती ज्या वयात आहे ते वय मी बघितलंच नाही" असं मला पुढे म्हणायचं नाहीये. यात मानसिक परिणाम शोधायचाच असेल तर माझ्यावर झालेला शोधा.

बोरन्हाणाचा व्हिडिओ मी काढला नव्हता. तो माझ्या ताईचा, म्हणजे चिऊच्या आत्याचा प्रताप. नोंद घ्यावी.

खवचट_काका

आरोपीला जामीन मंजूर. आत्याबाईंना समन्स काढा.

गोदाकाठ

हसून हसून पुरेवाट.

पण एक खरंच विचारायचंय. फोटो काढला की ती गोष्ट लक्षात राहत नाही असं कुठेतरी वाचलं होतं. मग मुलांच्या आठवणींचं काय होत असेल?

अवनी_स

आरोपी, तुमची पोस्ट आवडली. त्या एका तासात फोन किती वेळ वर असतो हे तुम्हीच ठरवा. बसमध्ये बघायला दोन-तीन पुरतात का?

गोदाकाठ, तुम्ही म्हणताय तो लिंडा हेंकेल यांचा २०१४ चा अभ्यास असावा. विद्यार्थ्यांना एका कलासंग्रहालयात फिरवलं, काही वस्तूंचे फोटो काढायला लावले, काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. गंमत म्हणजे वस्तूच्या एखाद्याच भागावर झूम करून काढलेल्यांचं तसं नुकसान झालं नाही, कारण त्यांना नीट बघावं लागलं. २०१७ मध्ये अलिक्सांड्रा बाराश आणि सहकाऱ्यांनी आणखी एक बाजू दाखवली. आपल्या मर्जीने फोटो काढणाऱ्यांना पाहिलेलं जास्त आठवलं आणि ऐकलेलं कमी.

पण हे दोन्ही अभ्यास फोटो काढणाऱ्याच्या आठवणीचे आहेत, तेही मोठ्या माणसांच्या. त्या हिशोबाने बोरन्हाण चिऊ विसरणार नाही, आत्याबाई विसरतील.

मुलांच्या आठवणींचं मूळ दुसरीकडे आहे. साधारण तीन वर्षांच्या आधीचं आपल्याला मोठेपणी जवळजवळ काही आठवत नाही. त्यानंतरचं किती टिकतं हे बऱ्याच अंशी घरातल्या बोलण्यावर ठरतं. रॉबिन फिवुश आणि एलेन रीस यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. "मग काय झालं? तू का रडलीस? कुत्रा कुठून आला?" असं खोदून खोदून, मुलाचा धागा पकडून बोलणाऱ्या आयांची मुलं पुढे स्वतःच्या आठवणी जास्त तपशिलात सांगतात. "आठवतं का? कोणता रंग होता? सांग ना" अशी परीक्षा घेणाऱ्यांची तितकी नाही. फोटो या बोलण्याला निमित्त म्हणून उत्तम. फोनमध्ये हजारोंनी पडून राहिले तर त्यांचा उपयोग नाही, आठवड्यातून एकदा मांडीवर घेऊन पाच बघितले तर आहे.

आणि एक सावधगिरी. फोटो आठवण नुसती जपत नाही, तयारही करतो. २००२ मध्ये किंबर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी काही प्रौढांना त्यांच्या लहानपणीचे फोटो दाखवले, त्यात एक बनावट होता, गरम हवेच्या फुग्यात बसल्याचा. ते कधी बसलेच नव्हते. दोनेक आठवड्यांत तीन मुलाखती झाल्यावर निम्म्या लोकांना ती सफर थोडीफार किंवा चांगलीच 'आठवायला' लागली. ग्रुपवर "सो क्यूट, किती मज्जा केली चिऊने" असं लिहिलेला रडण्याचा व्हिडिओ चिऊ दहाव्या वर्षी बघेल, तेव्हा तिला काय आठवेल याचा विचार करा.

शंकासुर

आता हे पटलं. रडताना काढलेला आणि वर हसण्याचा मजकूर. माझाही एक तसा फोटो आहे, न्हाव्याच्या खुर्चीतला, जावळाचा. सगळे हसायचे. मी का रडत होतो हे आजवर कोणी सांगितलेलं नाही.

बाकी मतं कायम.

ओंजळ

बरेच दिवसांनी लॉगिन केलं. दुसऱ्या टोकाचं लिहिते.

मी एका बालगृहात काम करते. आमच्याकडच्या बऱ्याच मुलांचा लहानपणीचा एकही फोटो नाही. शाळेत "माझे कुटुंब" प्रकल्प आला की बाळपणीचा फोटो चिकटवायचा असतो. एका मुलाने मासिकातल्या साबणाच्या जाहिरातीतलं बाळ कापून चिकटवलं आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं. बाईंनी ते तसंच राहू दिलं, त्या बाईंची मी कायम ऋणी आहे.

म्हणून आम्ही आता प्रत्येक मुलाची वही करतो. आला त्या दिवशीचा फोटो, पहिलं पेटीतलं सामान, पहिला मित्र, पडलेला दात, शाळेचं पहिलं प्रगतिपुस्तक. वही मुलाची. कोणाला दाखवायची ते तोच ठरवतो. काही मुलं ती रोज बघतात, एक मुलगी वर्षभर उघडत नाही पण गादीखाली ठेवते.

आणि याच मुलांकडे लोक वाढदिवस साजरा करायला केक घेऊन येतात. आल्या आल्या फोन बाहेर. बाल न्याय कायद्याप्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे, तसा फलक दाराशीच लावलाय. तरी "ताई, एकच, स्टेटसला नाही ठेवत" असतंच. मुलं इतकी सरावलीत की गाडी थांबली की रांगेत उभी राहून हसायला लागतात, केक दिसायच्या आधी. चिऊचं गालाला बोटं लावणं वाचलं आणि मला ती रांग आठवली.

बालवाडीताई

ओंजळ, आमच्या शाळेतून तो बाळपणीच्या फोटोचा प्रकल्प पुढच्या वर्षी काढून टाकते.

श्टुटगार्टकर

जर्मनीतून लिहिते. इथे पाळणाघरात घालताना पहिल्याच दिवशी फोटोच्या संमतीचा कागद येतो. भिंतीवर लावायचा का, इतर पालकांना द्यायचा का, संकेतस्थळावर टाकायचा का, प्रत्येकाला वेगळी खूण. स्वतःच्या चित्रावर स्वतःचा हक्क हे इथल्या १९०७ च्या कायद्यापासून चालत आलेलं आहे. आमच्या पाळणाघराच्या जत्रेत दाराशी पाटी असते, फोन खिशात ठेवा. पहिल्या वर्षी मला फार राग आला होता, सांगलीला काय पाठवू? (होय चिऊचीआई, माझंही सासर सांगलीच.) शेजारी फ्रान्सने तर फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदाच केला, की मुलाच्या खासगीपणाची आणि चित्राची जबाबदारी आईवडील दोघांची, आणि मुलाचं वय व समज बघून त्यालाही त्यात सामील करून घ्यायचं.

भारतातला २०२३ चा विदा (डेटा) संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती मागतो, पण ती कंपन्यांनी घ्यायची. घरच्या घरी काढलेल्या-पाठवलेल्याला तो लागू नाही. आणि संमती देणारे पालकच स्टेटस ठेवणारे असतील तर मुलाने कुठे जायचं?

२०१८ मध्ये इंग्लंडच्या बाल आयुक्तांच्या अहवालात आकडा होता, मूल तेरा वर्षांचं होईपर्यंत आईवडिलांनी त्याचे सरासरी १३०० फोटो-व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकलेले असतात. तेरा म्हणजे इन्स्टाग्रामवर स्वतःचं खातं काढायचं किमान वय. म्हणजे पोरगं दार उघडून आत येतं तेव्हा त्याच्या नावाचं घर आधीच सजवून ठेवलेलं असतं, पडदे आईने निवडलेले.

आमचा मोठा अकरा वर्षांचा आहे. मागच्या उन्हाळ्यात त्याने मला बसवून सांगितलं की माझे आंघोळीचे आणि तो लंगोटातला कृष्ण, हे सगळे काढून टाक. मी काढले. मग म्हणाला, आजीकडे पण असतील.

आरोपी_क्र_१

मग आजीच्या फोनमधून कसे काढलेत? तांत्रिक प्रश्न आहे, खरंच हवंय.

श्टुटगार्टकर

व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'सर्वांसाठी हटवा' जुन्या संदेशांना चालत नाही, आणि गॅलरीत उतरलेले असतात ते वेगळेच. स्टेटसला ठेवून झालेले, मावशीला पुढे पाठवलेले. शेवटी व्हिडिओ कॉलवर नातवाने स्वतः आजीला एकेक करून शिकवलं, कुठे दाबायचं, मग कचरापेटीही रिकामी कशी करायची. दोन रविवार गेले त्यात.

आजी मध्येच अडून बसल्या. "मी तुला तेव्हा बघितलंय, आता फोटो पुसून काय होणार? मी सगळे नाही काढायची." मी मध्ये पडणार होते, पण पोरगाच घासाघीस करायला लागला. ठरलं असं, की चार राहतील आणि ते चार तो निवडेल. त्याने तीन लगेच निवडले. चौथ्यावर अडलं, कारण आजींना लंगोटातला कृष्णच हवा होता.

खवचट_काका

मग?

श्टुटगार्टकर

बासरीच्या खालचं कापून दिला.